रुजू होणे आणि रुजणे : फोर्ट विल्यम कॉलेजातील नवागत, त्यांचे पंडित आणि आपलेपणाचा प्रश्न

१. प्रश्नाची मांडणी

नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी मराठीत ‘रुजू होणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. वळणे, परत येणे अशा अर्थाचा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने दफ्तरी मराठीत आला आणि तेथे त्याला समक्ष हजर होणे, दाखल होणे असा अर्थ लाभला. कानाला त्याच्या अगदी जवळचा वाटणारा ‘रुजणे’ हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला, शेतातला आहे. रुजू होण्यास हुकूम आणि एक दिवस पुरतो. रुजण्यास माती, ओल आणि काळ लागतो. नव्याने नेमलेल्या सेवकाच्या मनात ‘ही जागा आपली’ अशी भावना कशी उत्पन्न होते, या प्रश्नाचा विचार या दोन शब्दांमधील अंतरातूनच करावा लागतो.

हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. तथापि भारतीय साहित्याच्या इतिहासाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. नवागत सेवकांचे स्वागत, देखरेख आणि शिक्षण यांसाठी कलकत्त्यास १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजातून बंगाली, हिंदी, उर्दू आणि मराठी या भाषांतील आरंभीचे मुद्रित गद्य बाहेर पडले. वाङ्मयेतिहासकारांनी या ग्रंथांचा विचार प्रामुख्याने गद्याच्या उगमाच्या अंगाने केला. डेव्हिड कॉफ यांनी १९६९ साली बंगालच्या प्रबोधनाच्या संदर्भात या संस्थेची मांडणी केली, तर शिशिरकुमार दास यांनी १९७८ च्या ‘साहिब्ज अँड मुन्शीज’ या ग्रंथात तिचा तपशीलवार इतिहास सिद्ध केला. प्रस्तुत निबंधात याच सामग्रीकडे ‘स्वागत’ या एका अंगाने पाहिले आहे. नवागताचे स्वागत कोणी केले, कोणत्या भाषेत केले आणि स्वागत करणाऱ्याला त्या संस्थेत कोणते स्थान होते, या तीन गोष्टींवर नवागत पुढे कोणाचा होतो हे मोठ्या प्रमाणात ठरते, असे या संस्थेच्या इतिहासावरून दिसते.

२. कॉलेजापूर्वीचे स्वागत

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतील सर्वांत खालची पायरी ‘रायटर’ या पदाची होती. त्यावर फॅक्टर, कनिष्ठ व्यापारी, ज्येष्ठ व्यापारी अशा पायऱ्या चढत जात. ही पदनामे व्यापारी पेढीची होती आणि आरंभी कामही तसेच होते. संचालकांच्या शिफारशीने नेमलेली पंधरा ते अठरा वर्षांची मुले शाळा अर्धवट सोडून जहाजावर चढत आणि काही महिन्यांच्या प्रवासानंतर अशा देशात उतरत, जेथील एकही भाषा त्यांस अवगत नसे. पहिले वर्ष पुरे न झालेल्या अशा नवख्यास आंग्ल वसाहतीत थट्टेने ‘ग्रिफिन’ म्हणत.

या मुलाचे खरे स्वागत कंपनी करीत नसे. ते बेनियन करी. बेनियन म्हणजे साहेबाचा घरखर्च, नोकरचाकर, खरेदी आणि खासगी व्यापार सांभाळणारा स्थानिक मध्यस्थ. मद्रासेत हेच काम दुभाषी करीत. राहण्याची सोय, पालखी, घोडा, कपडेलत्ते, हाताशी रोकड असे सारे त्याच्यामार्फत मिळे आणि त्याची किंमत कर्जाच्या रूपाने वसूल होई. रायटर कामात मुरण्याआधीच ऋणात मुरे. या व्यवस्थेला आतिथ्याचे रूप असले तरी तिचा पाया देण्याघेण्याचा होता. नवागत ज्याच्या आधाराने उभा राही, त्याच्याशी तो बांधला जाई. कंपनीच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची नव्हती. कारण प्लासीनंतरच्या अर्धशतकात रायटरचे काम वखारीतून कचेरीत आणि न्यायासनापर्यंत पोचले होते. ऋणको असलेला न्यायाधीश हा राज्यकारभारातील धोका होता.

३. १८०० ची योजना

गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने हा बदल स्पष्ट शब्दांत ओळखला. १७९८ च्या अखेरीस त्याने जाहीर केले की, १ जानेवारी १८०१ पासून महत्त्वाच्या पदांवर नेमणूक होण्यासाठी कायदे आणि देशी भाषा यांचे ज्ञान आवश्यक राहील. पुढे १० जुलै १८०० च्या टिपणात त्याने कंपनीचे सेवक आता व्यापारी गुमास्ते उरलेले नसून न्यायाधीश, दंडाधिकारी, वकील आणि प्रांतांचे शासक झाले आहेत, असे प्रतिपादन केले. त्याच दिवशीच्या कायद्याने फोर्ट विल्यम कॉलेज अस्तित्वात आले. परंतु स्थापनेची तारीख मात्र ४ मे १८०० अशी मागे नेण्यात आली, कारण तो श्रीरंगपट्टणच्या पाडावाचा पहिला वर्षदिन होता. टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहातील हस्तलिखितेही या कॉलेजाच्या ग्रंथालयात आली. नवागतास ज्या घरात घेतले जाणार होते, त्याच्या उंबरठ्यावरच विजयाची तिथी कोरलेली होती.

या कायद्यातील एक कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कॉलेजाच्या प्रोव्होस्टची, म्हणजे प्रमुखाची, प्राथमिक कर्तव्ये सांगताना त्यात पहिलेच कर्तव्य असे दिले आहे की, नवे मुलकी सेवक फोर्ट विल्यम येथे येताच त्याने त्यांचे स्वागत करावे. त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे, त्यांना सल्ला व समज देणे आणि इंग्लंडच्या धर्मपीठाच्या तत्त्वांत त्यांना दृढ करणे ही कर्तव्ये त्यानंतर येतात. रेव्हरंड डेव्हिड ब्राउन हा पहिला प्रोव्होस्ट आणि क्लॉडियस ब्युकॅनन हा उपप्रोव्होस्ट. दोघेही धर्मोपदेशक होते. विद्यार्थ्यांनी सामाईक भोजनगृहात जेवावे असा दंडक होता. बेनियनच्या घरगुती आणि ऋणाधिष्ठित स्वागताच्या जागी संस्थेचे, वेळापत्रकाने व धर्माने बांधलेले स्वागत आणण्याचा हा प्रयत्न होता. गार्डन रीच येथे भव्य इमारत उभारण्याचा वेलस्लीचा मनोदय तडीस गेला नाही. रायटरांच्या निवासासाठी बांधलेल्या ‘रायटर्स बिल्डिंग’शीच कॉलेजाचे नाव जोडले गेले.

व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ साली संक्रमणविधींचे विलगीकरण, उंबरठ्यावरची अवस्था आणि सामीलीकरण असे तीन टप्पे सांगितले. फोर्ट विल्यमच्या योजनेत पहिले दोन टप्पे स्पष्ट दिसतात. मुलाला बाजारापासून व बेनियनपासून वेगळे काढावे आणि तीन वर्षे उंबरठ्यावर ठेवून घडवावे. तिसऱ्या टप्प्यात त्याला कशात सामील करून घ्यावयाचे, याविषयी मात्र ही योजना संदिग्ध होती. कंपनीत, साम्राज्यात, वेलस्लीच्या मर्जीत, की ज्या देशाची भाषा तो शिकत होता त्या देशात?

या संदिग्धतेचे उदाहरण म्हणून कॉलेजाचा पहिलाच विद्यार्थी चार्ल्स मेटकाफ याच्याकडे पाहता येईल. ईटनमध्ये शिकलेला हा कंपनीच्या एका संचालकाचा मुलगा १ जानेवारी १८०१ रोजी कलकत्त्यास उतरला, तेव्हा त्याला सोळावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. विद्यार्थ्यांच्या यादीत पहिले नाव त्याचे लागले. मेजवान्या, नृत्ये आणि ओळखीपाळखी यांची वाण नव्हती. तरीही काही महिन्यांतच त्याने वडिलांना पत्र लिहून मायदेशी परत बोलावून घेण्याची आणि तेथे एखादी जागा पाहण्याची विनवणी केली. जॉन विल्यम के याने १८५४ साली लिहिलेल्या चरित्रात नोंदवले आहे की, मुलाच्या या उदासीनतेचे मूळ पित्तप्रकोपात असावे असे मानून आईने त्याला गोळ्यांची एक पेटी पाठवून दिली. वडिलांनी परतीची परवानगी दिली नाही. वर्षअखेरीस तो दौलतराव शिंद्यांच्या दरबारातील रेसिडेंटचा साहाय्यक म्हणून उज्जैनकडे निघाला, परंतु वरिष्ठ कर्नल कॉलिन्स याच्याशी न पटल्याने लवकरच राजीनामा देऊन कलकत्त्यास परतला. १८०३ मध्ये तो थेट गव्हर्नर-जनरलच्या कचेरीत दाखल झाला आणि त्यानंतरच त्याची मुळे धरली. पुढे १८३८ पर्यंत तो हिंदुस्थानातच राहिला. १८३५ साली हंगामी गव्हर्नर-जनरल असताना मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा त्यानेच केला.

मेटकाफच्या या तीन वर्षांच्या कहाणीत स्वागताच्या मर्यादा आणि सामर्थ्य दोन्ही दिसून येतात. समारंभाने त्याचे एकाकीपण हटले नाही आणि रुक्ष वरिष्ठाने त्यात भरच घातली. त्याला रुजवले ते जबाबदारीच्या कामाने आणि आपल्याकडे लक्ष आहे या जाणिवेने. मात्र हे लक्ष वेलस्लीचे होते आणि रुजण्याची ती माती गव्हर्नर-जनरलच्या कचेरीची होती.

४. स्वागताची पाठ्यपुस्तके

नवागतास देशाशी जोडण्याचे काम योजनेने भाषेकडे सोपवले होते. अरबी, फारसी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ, कानडी अशा भाषांच्या अध्यापनाची तरतूद करण्यात आली. परंतु त्यांतील बहुतेक लोकभाषांत शिकवण्याजोगे मुद्रित गद्य नव्हते. मग ते तयार करवून घेण्यात आले. रामराम बसू यांचे ‘राजा प्रतापादित्य चरित्र’ १८०१ साली आणि मृत्युंजय विद्यालंकार यांचे ‘बत्रिश सिंहासन’ १८०२ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानी विभागात गिलख्रिस्टच्या देखरेखीखाली मीर अम्मन यांनी ‘बाग-ओ-बहार’, तर लल्लूलाल यांनी ‘प्रेमसागर’ सिद्ध केले.

या ग्रंथांपैकी स्वागताच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे ते विल्यम केरीच्या नावावर १८०१ साली निघालेले ‘कथोपकथन’ हे संवादांचे पुस्तक. यात शेतकरी, मजूर, सावकार, कुळ, भांडणाऱ्या बायका अशा नाना प्रकारच्या लोकांची बोली टिपली आहे. बंगाली समाजाच्या दैनंदिन भाषेचे इतके विविध नमुने त्यापूर्वी छापले गेले नव्हते, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याला फार मोल देतात. परंतु पुस्तकाचा क्रम पाहण्याजोगा आहे. पहिला संवाद चाकर ठेवण्याविषयीचा आहे, त्यापुढे साहेबाचे हुकूम येतात, आणि नंतर साहेब व मुनशी यांचे संभाषण. स्वतः नुकत्याच चाकरीस लागलेल्या मुलाला पहिला धडा दिला जातो तो दुसऱ्याला चाकरीस कसे ठेवावे याचा. परक्या देशात आपले स्थान कोणते, हे त्याला व्याकरणाच्याही आधी आज्ञार्थातून कळते. बर्नर्ड कोन यांनी १९८५ साली ‘भाषेवरील हुकमत आणि हुकमतीची भाषा’ या सूत्रात जे मांडले, त्याचे हे नेमके उदाहरण होय.

तथापि एवढ्यावर थांबणे अन्यायाचे ठरेल. त्याच पुस्तकातील बायकांचे भांडण किंवा मजुरांचे बोलणे शिकून कोणत्याही साहेबाला हुकूम देण्याची कला साधणार नव्हती. हे संवाद आपण काही जाणत्या एतद्देशीयांकडून लिहवून घेतले, असे केरी प्रस्तावनेत सांगतो. त्यांची नावे मात्र देत नाही. या अनामिक लेखकांनी शिकवणीच्या चौकटीत आपल्या गावाची आणि बाजाराची भाषा सोडून दिली. जो नवागत हे संवाद कान देऊन वाचील त्याला देशात शिरण्याची एक अरुंद पण खरी वाट त्यात होती. १८०५ च्या केरीकृत मराठी व्याकरणालाही परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. व्याकरणाच्या शेवटी संवाद ठेवण्याची ही पद्धत भाषेला नियमांपलीकडे एक वावराचे क्षेत्र असते, हे मान्य करणारी होती.

५. स्वागत करणारे

प्रोव्होस्टने स्वागत करावे असे कायदा म्हणत असला, तरी रोजच्या रोज नवागताच्या शेजारी बसून त्याच्या जिभेला नवे वळण लावणारा माणूस पंडित किंवा मुनशी होता. तोही कॉलेजाचा नवा नोकरच होता. त्याचे स्वागत कसे झाले, याची उत्तरे वेतनपटात सापडतात. बंगाली विभागात मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना दरमहा २०० रुपये, दुय्यम पंडित रामनाथ वाचस्पती यांना १०० रुपये आणि रामराम बसू धरून इतर पंडितांना प्रत्येकी ४० रुपये मिळत. विभागाचा आंग्ल शिक्षक केरी याला १८०१ साली ५०० रुपये मिळू लागले.

केरीचे स्थानही निर्वेध नव्हते, ही बाब तुलनेसाठी महत्त्वाची आहे. तो इंग्लंडच्या अधिकृत धर्मपीठाबाहेरचा बाप्तिस्त होता आणि कॉलेजाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकास त्या पीठाशी निष्ठा असावी लागे. म्हणून केरीला ‘प्राध्यापक’ न म्हणता ‘शिक्षक’ म्हणून घेण्यात आले. १८०७ साली त्याला प्राध्यापकपद आणि १,००० रुपये वेतन मिळाले. म्हणजे आपलेपणाची दारे एकामागोमाग एक होती आणि प्रत्येक दारापाशी कोणीतरी थांबवला जात होता. केरीसाठी ते दार सहा वर्षांनी उघडले. पंडितांसाठी तसे दार योजनेत ठेवलेलेच नव्हते.

नव्या नोकरीत येण्याचा अनुभव या वर्गातून कोणी लिहून ठेवला असेल, तर तो दिल्लीच्या मीर अम्मन यांनी. ‘बाग-ओ-बहार’च्या प्रास्ताविकात ते आपल्या घराण्याची कैफियत सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या बादशाही सेवेत असलेल्या या घराण्याची जहागीर सुरजमल जाटाने घेतली आणि अहमदशहा दुराणीच्या स्वारीत घर लुटले गेले. दिल्ली सुटली, काही काळ अझिमाबादेस गेला, मग कलकत्ता. तेथे प्रथम एका नबाबाच्या धाकट्या भावाची शिकवणी मिळाली. सुमारे दोन वर्षांनी मीर बहादुर अली यांच्या ओळखीने गिलख्रिस्टची भेट झाली. आता अन्नाचा घास मिळतो, निर्धास्त झोप लागते आणि घरातली लहानमोठी दहा माणसे पोटभर जेवून दुवा देतात, अशा आशयाची कृतज्ञता ते व्यक्त करतात.

या मजकुरात नव्या धन्याविषयीची कृतज्ञता आणि सुटलेल्या शहराविषयीचा अभिमान शेजारी शेजारी उभे आहेत. मीर अम्मन स्वतःला कॉलेजाचे म्हणवत नाहीत. ते दिल्लीचेच राहतात. दिल्लीत पिढ्या काढल्याशिवाय तेथली बोली येत नाही, हा त्यांचा दावा आहे आणि त्याच भांडवलावर त्यांना नोकरी मिळालेली आहे. कॉलेजाने त्यांच्याकडून दिल्लीची बोली घेतली आणि मोबदल्यात पोटाची निश्चिती दिली. आपलेपणाचा शोध त्यांना गद्याच्या आतच घ्यावा लागला. ज्या शहरात परत जाणे शक्य नव्हते, त्या शहराच्या भाषेत त्यांनी घर बांधले. परक्या मुलांना रुजवण्यासाठी नेमलेल्या एका उखडलेल्या माणसाचे हे गद्य आहे, ही गोष्ट त्याच्या वाङ्मयीन मूल्यमापनात क्वचितच मध्यभागी येते.

मृत्युंजय विद्यालंकार यांची वाट निराळी होती. त्यांनी ‘राजाबली’ (१८०८) सारखा ग्रंथ लिहिला, पंधरा वर्षे कॉलेजात काढली आणि १८१६ साली सर्वोच्च न्यायालयाचे पंडितपद स्वीकारून ते बाहेर पडले. ज्या संस्थेच्या बंगाली विभागाचा लौकिक बऱ्याच अंशी त्यांच्यावर उभा होता, तेथे मुख्य पंडितापुढे चढण्यास पायरी नव्हती.

६. मराठीची जागा

कॉलेजातील मराठीची कथा या चौकटीत आणखी बोलकी ठरते. मराठीचे अध्यापनही केरीकडे होते आणि वैजनाथ पंडित त्याचे साहाय्यक होते. १८०५ चे व्याकरण, १८१० चा मोडी ठशांतील मराठी-इंग्रजी कोश, त्यानंतर वैजनाथांच्या हातून उतरलेली ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५), तसेच रामराम बसूंच्या प्रतापादित्य चरित्राचे मराठी रूप (१८१६) अशी ही ग्रंथमाला श्रीरामपूरच्या मुद्रणालयातून निघाली. यशोहरच्या एका राजाची बंगाली गद्यातील कथा मराठीत येते, आणि तीही मराठी शिकणाऱ्या इंग्रज मुलांसाठी. तौलनिक अभ्यासाला याहून विलक्षण त्रिकोण सहसा सापडणार नाही.

महानुभावांच्या काळापासून चालत आलेल्या आणि बखरींतून व पत्रव्यवहारातून प्रौढ झालेल्या मराठी गद्याला जन्म देण्याचे श्रेय या ग्रंथांना देता येत नाही. त्यांनी त्याला मुद्रित रूप दिले, एवढेच. परंतु या मुद्रित गद्याचा अपेक्षित वाचक मराठी नव्हता आणि ते जेथे छापले गेले तेथे मराठी वाचकवर्गही नव्हता. बंगाली गद्याचे तसे झाले नाही. कॉलेजाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकताच तेथे कलकत्ता शहर होते. १८१८ साली श्रीरामपूरहून ‘समाचार दर्पण’ निघाले, राममोहन रॉय यांचे वादग्रंथ आले आणि नवागतांसाठी घडवलेल्या गद्याला अनपेक्षित मालक मिळाले. वैजनाथांच्या गद्याला असा मालक मिळाला नाही. मराठी मुद्रित गद्याचा वाचक घडण्यास मुंबईतील शाळापुस्तकांचा काळ, सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (१८२८) यावे लागले.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ते नवागत मात्र मराठी मुलखात पोचले. मुंबई इलाख्याचा रायटर म्हणून नेमलेला रिचर्ड जेन्किन्स कॉलेजात नावलौकिक मिळवून पुढे दीर्घकाळ नागपूरचा रेसिडेंट झाला आणि त्या राज्याविषयीचा त्याचा १८२७ चा अहवाल आजही आधारग्रंथ मानला जातो. देशाचे ज्ञान आणि देशाचा ताबा ही दोन्ही कामे त्या पदात एकत्र आली होती.

७. निष्ठा कोणाशी?

लंडनच्या संचालक मंडळाला ही संस्था आरंभापासूनच खुपली. १८०२ च्या जानेवारीत त्यांनी ती बंद करण्याचा हुकूम काढला. खर्च हे उघड कारण होते. त्यामागे दुसरी शंका होती. नेमणूक संचालकांनी करावी आणि मुलाला घडवावे, पारितोषिके द्यावी, पुढे आणावे वेलस्लीने, तर तो सेवक मनाने कोणाचा राहणार? मेटकाफचे उदाहरण पाहता ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. वेलस्लीने मुदत मिळवली. परंतु अखेर कलकत्त्याचे कॉलेज बंगालच्या रायटरांपुरती भाषाशाळा म्हणून संकोचले आणि सामान्य शिक्षणाचे काम इंग्लंडमध्ये १८०६ साली उघडलेल्या ईस्ट इंडिया कॉलेजाकडे गेले. ते प्रथम हर्टफर्डच्या किल्ल्यात व १८०९ पासून हेलिबरी येथे भरे. माल्थस तेथे १८३४ पर्यंत अध्यापन करीत होता.

हेलिबरीने आपलेपणाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. आता नवागत जहाजावर चढण्यापूर्वीच सामील झालेला असे. मात्र तो सामील होई तो आपल्या बरोबरीच्या मुलांत. एका सत्रातील मुले पुढे कोणत्याही जिल्ह्यात गेली तरी परस्परांची राहात. कोन यांनी मुलकी सेवकांच्या भरती व प्रशिक्षणावरील आपल्या १९६६ च्या लेखात या सहवासाने निर्माण केलेल्या बंधांकडे लक्ष वेधले आहे. हिंदुस्थानात उतरल्यावर त्यांचे स्वागत करण्यास आधी आलेले हेलिबरीकर असत. बेनियनचे ऋण टळले, वेलस्लीची मर्जी टळली आणि पंडिताच्या शेजारी बसून घालवायचा काळही आखडला. सेवेविषयीचा अभिमान वाढला, आणि देशाविषयीची जवळीक हा ज्याच्या त्याच्या वृत्तीचा भाग ठरला.

ज्यांची वृत्ती तशी होती ते रुजलेही. हेलिबरी आणि फोर्ट विल्यम या दोन्ही पायऱ्या चढून आलेला ब्रायन हॉटन हॉजसन नेपाळात वीस वर्षांहून अधिक काळ राहिला आणि पाटणचे पंडित अमृतानंद यांच्या साहाय्याने त्याने बौद्ध ग्रंथांचा शोध घेतला. त्याच्या कामाची दिशा सहपाठ्यांपेक्षा एका पंडिताच्या सहवासाने अधिक ठरली. परंतु असे उदाहरण अपवाद म्हणूनच सांगावे लागते, हेच त्या योजनेवरचे भाष्य आहे. १८५४ साली फोर्ट विल्यम कॉलेज विसर्जित झाले. १८५५ पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाल्या आणि १८५८ च्या आरंभी हेलिबरीही बंद झाले.

८. दोन पर्याय

स्वागत करणाऱ्यालाही आत घेणारी व्यवस्था त्या काळी अशक्य नव्हती, हे दाखवणारी दोन उदाहरणे आहेत. मद्रासेत १८१२ साली एफ. डब्ल्यू. एलिस याच्या पुढाकाराने ‘कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्ज’ स्थापन झाले. तेथे नव्या मुलकी सेवकांबरोबरच एतद्देशीय भाषाशिक्षकांना व कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही तयार करण्याची योजना होती. पट्टाभिराम शास्त्री आणि चिदंबर पंडारम यांच्यासारखे विद्वान तेथे प्रमुख शिक्षक होते. द्राविडी भाषांचे कुल संस्कृताहून स्वतंत्र आहे, ही उपपत्ती १८१६ साली कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या एलिसच्या टिपणात प्रथम पुराव्यानिशी आली. या उपपत्तीमागे दक्षिणी पंडितांच्या व्याकरणपरंपरेचा वाटा किती मोठा होता, हे थॉमस ट्राउटमन यांनी २००६ साली दाखवून दिले आहे. शिकणारा आणि शिकवणारा हे दोघेही जेथे संस्थेचे झाले, तेथे पाठ्यपुस्तकांपलीकडचे ज्ञान निपजले.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. तेथे फोर्ट विल्यमसारखे कॉलेज नव्हते, पण कोशकार्य होते. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली पूर्ण झाला आणि त्याच्या नावानेच तो ओळखला जातो. त्याआधी १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध होऊ लागला. तो मराठीचा मराठीत अर्थ देणारा होता. पंडितांनी मराठी वाचकासाठी आपल्या नावाने केलेला हा ग्रंथ आणि ‘कथोपकथन’मधील अनामिक एतद्देशीय यांच्यामध्ये तीन दशकेही गेली नव्हती. या अवधीत मदतनीसाचा ग्रंथकार झाला होता.

९. समारोप

या इतिहासाचा धागा स्वतंत्र भारतापर्यंत येतो. सरदार पटेलांनी २१ एप्रिल १९४७ रोजी भारतीय प्रशासन सेवेच्या पहिल्या उमेदवारांपुढे भाषण केले, ते दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये. हे घर चार्ल्सचा धाकटा भाऊ थॉमस मेटकाफ याने बांधले होते. ज्या कुटुंबातील मुलगा कलकत्त्याच्या कॉलेजाचा पहिला विद्यार्थी होता, त्याच कुटुंबाच्या वास्तूत नव्या राष्ट्राच्या सेवकांचे स्वागत व्हावे, हा केवळ योगायोग. परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न जुनाच होता. १९५९ साली मसुरीस राष्ट्रीय प्रशासन अकादमी आली. तेथे पायाभूत अभ्यासक्रमात विविध सेवांचे उमेदवार एकत्र राहतात आणि प्रशासन सेवेचे उमेदवार नेमून दिलेल्या राज्याची भाषाही शिकतात. म्हणजे हेलिबरीचा सहवास आणि फोर्ट विल्यमची भाषा या दोन्ही कल्पना एका छताखाली आल्या आहेत. उपमन्यू चॅटर्जी यांच्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’ (१९८८) या कादंबरीतील उमेदवार अधिकाऱ्याचे मदना या गावातील परकेपण वाचताना हे लक्षात येते की, राज्यकर्ते बदलले तरी रुजू होणे आणि रुजणे यांतील अंतर आपोआप मिटत नाही.

फोर्ट विल्यमच्या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. नवागताला आपलेपणा वाटतो तो ज्याच्या आधाराने पहिले दिवस निभावतात त्याच्याविषयी. बेनियन, गव्हर्नर-जनरल, सहपाठी किंवा पंडित यांपैकी तो आधार कोण होतो, यावरून पुढची निष्ठा ठरते. दुसरे असे की, स्वागताच्या भाषेतील पहिले वाक्य जर हुकमाचे असेल, तर भाषा येऊनही देश दूर राहू शकतो. तिसरी आणि साहित्याच्या अभ्यासकांना सर्वाधिक जवळची गोष्ट अशी की, स्वागत करणाऱ्यालाच संस्थेने उंबरठ्यावर ठेवले, तर तो आपले घर अन्यत्र शोधतो. मीर अम्मन यांनी ते दिल्लीच्या बोलीत शोधले, मृत्युंजयांनी न्यायालयात. वैजनाथ पंडितांचे गद्य मात्र वाचकाविना राहिले. भारतीय भाषांतील आरंभीच्या मुद्रित गद्याचा इतिहास लिहिताना ग्रंथांच्या सनावळीबरोबरच या ४० आणि २०० रुपयांच्या नोकऱ्यांचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. ज्यांनी दुसऱ्यांना या देशात रुजवण्याचे काम पत्करले, त्यांच्या स्वतःच्या न रुजण्याची नोंद त्या गद्यातच आहे.